टाचा पकडणारा बॉर्डर कॉली: आमचा अनुभव

बोरिवलीतल्या वन बीएचकेत आठ महिन्यांचा बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा, पोरं धावली की टाचा पकडतो, स्कूटर दिसली की दबा धरतो... तुमची पोस्ट वाचून आमच्या घरातलेच दिवस आठवले. सोसायटीवाले 'चावरा' म्हणतात ते मनावर घेऊ नका. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळायला पैदा केलेली जात ही. टक लावायची, वाकून सरकायचं, पाठलाग करायचा, हे तिच्या रक्तातच आहे. मेंढ्या नाहीत, म्हणून पोरं. तरी दात लागू शकतो, तेव्हा सध्या मुलांबरोबर त्याला एकटं सोडू नका.

लसी, लायसन्स वगैरे तुम्हाला माहीत असेलच. माझा राग आहे तो एका नावाजलेल्या ट्रेनिंग सेंटरवर. फी आगाऊ घेतली आणि मंत्र एकच, "दमवा त्याला." मग रोज अंधार पडेपर्यंत बॉल. कुत्रा दमायचा सोडून त्याचा दमच वाढला! बॉल थांबला की घरभर येरझाऱ्या. पुढे फरशीवर फिरणारी पंख्याची सावली पकडायला लागला. स्टीलच्या ताटाची तिरीप भिंतीवर पडली की भिंतच चाटायचा. विचारलं तर म्हणाले, लेझर टॉर्च खेळवा! या जातीला उजेड-सावलीचा नाद सहज लागतो, त्यात लेझर म्हणजे आगीत तेल. पैसेही परत दिले नाहीत, असो.

माझ्या मते याला पळण्यापेक्षा डोक्याचं काम जास्त लागतं. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती, यावरून काय ते समजा. खाणं वाडग्यात देऊ नका, जुन्या टॉवेलात दाणे गुंडाळून हुंगून शोधायला लावा. चटईवर गप्प पडून राहिला की खाऊ द्या. हे शिकायला त्याला सगळ्यात जड जातं. स्कूटर लांब असतानाच हाक मारून वळवा, एकदा टक लागली की त्याला काही ऐकू येत नाही.

मुंबईच्या दमट हवेत फिरवणं सकाळी सातच्या आत उरका. उकडतंय म्हणून केस मात्र भादरू नका.

आणखी एक. मी डॉक्टर नाही, पण खरजेवर कुणी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सहज टोचायला निघालं तर आधी एमडीआर१ चाचणीचं विचारा, म्हणजे एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष आहे का ते पाहणारी चाचणी. हा जनुकीय दोष रफ कॉली या दुसऱ्या कॉली जातीत खूप, बॉर्डर कॉलीत कमी. पण असला तर मोठा डोस थेट मेंदूवर जातो. चाचणीला गालाच्या आतला नमुना पुरतो.