सोळाव्या वाढदिवसाला मुलाला यजमान करा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलाची दहावीची परीक्षा झालीय, मे महिन्यात त्याला सोळा पूर्ण होतायत, बारा मित्रमैत्रिणी घरी यायच्यात आणि त्यातले दोघं जैन आहेत. त्याला बाहेरून पिझ्झा मागवायचाय, तुम्हाला घरी करायचंय आणि सगळं चार हजारांत बसवायचंय. वर मामा स्कूटर देतो म्हणतोय, आजी सोन्याची अंगठी करतेय, आणि आईबाबांनी काय द्यावं ते तुम्हाला सुचत नाहीये.

दोन मुलं वाढवली, भाचरं-पुतणे वेगळेच, त्यामुळे या वयाचे बरेच वाढदिवस घरात पाहिलेत. माझं ठाम मत सांगते. सोळाव्या वर्षी मुलाला पाटावर बसवून त्याचा वाढदिवस आपण साजरा करायचा नसतो, त्याला यजमान करायचं असतं. ते चार हजार सरळ त्याच्या हातात द्या. यादी त्यानं करायची, बाजारात त्यानं जायचं, बारा जणांना पोटभर खायला घालायचं आणि उरतील ते पैसे त्याचे. पिझ्झ्याचा हिशोब तो स्वतःच कागदावर मांडेल. बारा पोरं प्रत्येकी किती तुकडे खातात हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे वाद घालायची वेळच येणार नाही.

आता खाण्याचं. मे महिन्यात बारा जणांसाठी तळणाच्या कढईसमोर उभं राहू नका. आल्या आल्या पाणीपुरी, मग पावभाजी, शेवटी केक आणि आंबा, एवढं पुरे. या वयाच्या मुलांना ताटात वाढलेलं खायला अवघडल्यासारखं होतं, पण स्वतः पुरी फोडून भरायची म्हटलं की टेबलाभोवती गर्दी होते आणि न बोलणारी मुलंसुद्धा बोलायला लागतात. माणशी दहा-बारा पुऱ्या धरा, म्हणजे दीडशे पुऱ्या आणा. सारण बटाट्याऐवजी मोड न आणता नुसत्या भिजवून उकडलेल्या मुगांचं करा, म्हणजे जैन मुलांचा प्रश्न तिथेच मिटतो. पाण्यात पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू. ओलं आलं जैनांना चालत नाही, सुंठ चालते. साधारण चार लिटर पाणी लागेल. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचंच घ्या आणि बर्फही त्याच पाण्याचा घरी लावा. उन्हाळ्यात पोटं बिघडतात ती बहुतेक बाजारच्या बर्फानं.

पावभाजीचं माप देते, कारण बारा जण म्हटलं की अंदाज चुकतो. दीड किलो बटाटे, अर्धा किलो फ्लॉवर, पाव किलो मटार, पाव किलो ढोबळी मिरची, एक किलो पिकलेले टोमॅटो, अर्धा किलो कांदे (यातले निम्मे कच्चे, वरून घ्यायला), अर्धा किलो लोणी. पाव माणशी चार धरून वर थोडे जास्त, म्हणजे साठ. सहाची लादी असेल तर दहा लाद्या. बटाटे, फ्लॉवर, मटार आणि बिटाचा एक लहान तुकडा मीठ घालून कुकरला चार शिट्ट्या. रंगासाठी बीट एवढंसंच घ्या, जास्त झालं की भाजी गोडूस लागते. दहा-बारा काश्मिरी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वीसेक लसूण पाकळ्यांबरोबर बारीक वाटायच्या. ही चटणी हाच भाजीचा जीव आहे, नुसत्या तिखटाच्या पुडीनं तो रंग आणि ती चव येत नाही.

मोठ्या पातेल्यात थोडं तेल आणि बरंच लोणी. निम्मा कांदा परतून त्यावर अगदी बारीक चिरलेली ढोबळी मिरची. घाई होते ती नेमकी इथे. ढोबळी मिरची दातांखाली यायलाच नको, पार मऊ होऊन मिसळायला हवी. मग लाल वाटण, मग टोमॅटो आणि मीठ. टोमॅटोचं पाणी आटून कडेनं तेल सुटेपर्यंत हलायचं नाही. त्यावर चार मोठे चमचे पावभाजी मसाला, मग घोटलेल्या भाज्या आणि त्यांचंच उकडलेलं पाणी. पुढे वीसेक मिनिटं मंद गॅसवर रटरटू द्या आणि मॅशरनं घोटत राहा. पातेल्याच्या कडेला लाल तवंग दिसायला लागला की भाजी झाली. वरून कसूरी मेथी, कोथिंबीर, लिंबू. भाजी बसली की घट्ट होते, म्हणून शेजारी गरम पाण्याचं भांडं असू दे.

हे घोटायचं काम तुमच्या मुलाचं. पावही त्यानंच भाजायचे. तव्यावर लोणी, चिमूटभर पावभाजी मसाला, कोथिंबीर, त्यावर उघडलेला पाव दाबायचा, पाच-सात सेकंदांत उलटायचा. एकदा मुलं तव्याजवळ आली की 'मला दे, मी करतो' सुरू होतं. माझ्या भाच्याच्या वाढदिवसाला एक उंच, लाजाळू मुलगा आला होता. संध्याकाळभर कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. भाच्यानं त्याच्या हातात उलथणं दिलं, तर त्यानं सगळ्यांचे पाव भाजले, प्रत्येकाला 'कडक की मऊ' विचारून. तुम्ही त्या वेळी बाहेरच्या खोलीत थांबा. स्वयंपाकघरात डोकावलंत तरी सूचना देऊ नका.

जैन मुलांची भाजी आधी, वेगळ्या भांड्यात करून ठेवा आणि तिचा डावही वेगळा ठेवा. बटाट्याऐवजी चार कच्ची केळी, फ्लॉवरऐवजी दुधी, बाकी मटार, ढोबळी मिरची, टोमॅटो तेच. कांदा-लसूण-बीट नाही. केळी उकडून घोटली की बटाट्यासारखाच दाटपणा येतो, फक्त लिंबू थोडं जास्त पिळा. मसाल्याच्या पाकिटावर लसूण आहे का ते वाचून घ्या, काही कंपन्यांचा जैन मसाला वेगळा मिळतो. कडक पाळणाऱ्या घरांत यीस्टचा पावही खात नाहीत, आणि काही घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. तेव्हा दोन्ही घरी आधी फोन करून विचारायला हवं. तो फोन मुलानं करायचा. चारला बोलावलंत तर वेळेचाही प्रश्न उरत नाही.

केक बिनअंड्याचाच करा, आणि आदल्या रात्री करा. आठ इंची भांड्याचं माप असं: दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, हे चाळून घ्यायचं. त्यात एक कप पाणी, पाच मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस. बारा जणांसाठी याच्या दुप्पट. लिंबू आणि सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटायला लागतो आणि त्याच बुडबुड्यांवर केक फुगतो. म्हणून ओव्हन आधी तापवून ठेवा, मिश्रण गुठळ्या मोडण्यापुरतंच ढवळा आणि लगेच आत सरकवा. १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, वर घट्ट झाकण, दहा मिनिटं आधी तापवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. वरून १५० ग्रॅम चॉकलेट आणि १०० मिली फ्रेश क्रीम मंद गॅसवर वितळवून ओता, पण केक पूर्ण गार झाल्यावरच. क्रीमची फुलं, गुलाब वगैरे मे महिन्यात टिकत नाहीत, त्या वाटेला जाऊ नका.

हापूस केकमध्ये घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. चॉकलेटपुढे त्याचा वास मरतो, आणि फोडींना पाणी सुटून केक ओला होतो तो वेगळाच. फोडी फ्रिजमध्ये गार करून वेगळ्या ताटात द्या, बघता बघता संपतील.

एक गोष्ट मुलाशी आधीच बोलून ठेवा. वाढदिवसाच्या मुलाच्या तोंडाला केक फासायचा, त्याला लाथा घालायच्या, फेसाचे स्प्रे उडवायचे, हे सगळं आता सर्रास चालतं. मला ते अजिबात पटत नाही. स्प्रेमधला वायू ज्वालाग्राही असतो, पेटत्या मेणबत्तीजवळ उडवला की भडका उडतो. लाथांनी पाठीला, पोटाला गंभीर इजा होऊ शकते. हे मित्रांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यानं सांगितलेलं बरं, आणि स्वतः केलेला केक असेल तर तो नक्की सांगेल.

औक्षण सकाळी, घरच्यांपुरतं. मित्रांसमोर मुलं संकोचतात आणि मग चिडतात. सकाळी आंघोळ झाल्यावर पाट, चार रेघांची रांगोळी, निरांजन, सुपारी. आजीची अंगठी तिथेच ओवाळायला घ्या, आजीच्याच हातून. पुढे ती कपाटात राहिली तरी चालेल, आजीचं मन राखलं जातं आणि अंगठीचा मान होतो. जेवायला आमरस-पुरी किंवा त्याला जे आवडतं ते एकच गोड.

आता मामाची स्कूटर. इथे मात्र कोणाचं मन राखायला जाऊ नका. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या स्कूटर त्याच्या दुप्पट-अडीचपट ताकदीच्या असतात. त्यांना अठरा पूर्ण लागतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. गाडी मामाच्या नावावर असेल तर मामाही यात आला. कायदा बाजूला ठेवला तरी सोळा वर्षांच्या मुलाला, मागे दोन मित्र बसलेले असताना, हळू चालव म्हणून काही उपयोग नसतो. मामांना सांगा, चांगली गिअरची सायकल द्या, आणि हेल्मेट सोबतच घ्या. अकरावीत कॉलेज, क्लास, मैदान सगळीकडे ती कामाला येईल.

तुम्ही काय द्यावं? माझ्या मते त्याचं स्वतःचं बँक खातं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावानं बचत खातं उघडून स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच बँकांना दिलीय. रकमेची मर्यादा, एटीएम कार्ड वगैरे प्रत्येक बँक आपापलं ठरवते, म्हणून शाखेत जाऊन विचारा, आणि त्याला घेऊन जा. फॉर्म त्यालाच भरू दे, सहीही त्याचीच. आजोबा, आत्या, काका पाकिटं देतातच, ती त्यात जातील आणि पार्टीतून वाचवलेले पैसेही. मात्र नुसतं पासबुक हातात दिलं तर चेहरा पडेल. त्याच्या जोडीला त्याच्या आवडीचं काहीतरी हवंच, आणि ते त्याला सोबत नेऊन घ्या. क्रिकेटचे बूट असोत, हेडफोन असोत की पावसाळ्यातल्या ट्रेकसाठी सॅक, या वयात पायाचं माप आणि आवड दोन्ही दर सहा महिन्यांनी बदलतात. आश्चर्याचा धक्का द्यायच्या नादात दुकानात बदलायला फेऱ्या होतात.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्याला साधा चहाही करता येत नाही. पार्टीच्या आधीचे पंधरा दिवस त्यासाठी वापरा. कुकरचा वरणभात, मुगाची खिचडी, कांदेपोहे आणि थालीपीठ, एवढं आलं तर बारावीनंतर कुठल्याही गावी शिकायला गेला तरी उपाशी राहणार नाही. सुरुवात फोडणीपासून करा. मुलं विचारतात, 'किती मिनिटं?' मिनिटं सांगू नका, कान द्यायला सांगा. तेल तापल्यावर मोहरी टाकायची, ती तडतडायला लागते, आवाज वाढतो, मग विरळ होतो. विरळ झाला की गॅस बारीक, मग जिरं, हिंग आणि सगळ्यात शेवटी हळद, कारण ती क्षणात जळते आणि कडवटपणा शेवटपर्यंत राहतो. हे एकदा कानाला कळलं की पोहे, आमटी, भाजी सगळ्याचं दार उघडतं. कुकरचं मात्र तुम्ही शेजारी उभं राहून दाखवा. रिंग बसवणं, शिटीचं भोक साफ आहे का ते बघणं, आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात न लावणं.

पहिल्यांदा केलेल्या पोह्यांत मीठ जास्त पडेल किंवा ते कोरडे होतील. खा, आणि पुढच्या वेळी पोहे भिजवल्यावर किती वेळ निथळत ठेवायचे तेवढंच सांगा. आणि हो, साठ पाव ऐन वेळी एका बेकरीत मिळत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशीच सांगून ठेवायला त्याला आठवण करा.