चित्रं दिली तर बोलायचं राहून जाईल का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. टीव्हीवरच्या जाहिराती अख्ख्या म्हणतो पण स्वतःला काय हवंय ते सांगत नाही, हात धरून ओढत नेतो नाहीतर रडतो. स्पीच थेरपिस्टनी आता चित्रांची कार्डं सुरू करायला सांगितलीयेत. घरात सगळे म्हणतात कार्डं दिली की त्याला आयतं मिळेल, मग तो तोंड कशाला उघडेल? सासूबाई तर यावरून माझ्याशी नीट बोलतही नाहीयेत. मलाही आतून भीती वाटतेच. काय करू?
– एक आई

उत्तर: सुरू करा. माझ्या मुलीच्या वेळी मी याच भीतीपायी सहा महिने घालवले, त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि आयतं म्हणाल तर ते आत्ता मिळतंय हो, तो रडतो आणि तुम्ही बरोब्बर ओळखता. कार्डात त्याला उठावं लागतं, हवं त्याचं चित्र शोधावं लागतं, ते घेऊन माणसापर्यंत जावं लागतं.

बोलणं खुंटतं का हे तपासून झालंय. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीचे अभ्यास चाळले, त्यातल्या भक्कम पुराव्याच्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रं, खुणा वगैरेंमुळे कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच होतं. थोडंच हां, कार्ड हातात आलं की धडाधडा बोलेल असं मी म्हणत नाहीये.

आता कसं करायचं ते, कारण घोळ इथे होतो. पेक्स म्हणून पद्धत आहे, १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी काढलेली, तुमच्या थेरपिस्ट बहुधा तीच सांगतायत. तिची सुरुवात चित्र ओळखण्यापासून नसतेच मुळी, चित्र दुसऱ्याच्या हातात देण्यापासून असते. म्हणून दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, साबणाचे फुगे किंवा त्याला जे जीव की प्राण असेल ते घेऊन, आणि एक त्याच्या मागे. तो फुग्यांकडे झेपावला की मागच्याने गपचूप त्याचा हात धरून कार्ड उचलायला लावायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायला लावायचं, समोरच्याने लगेच "फुगे!" म्हणून ते उडवायचे. "काय हवंय बाळा? कार्ड दे ना" असं अजिबात नाही, कारण मग तो विचारल्याशिवाय देणारच नाही. आणि आपल्याला तर गप्प बसवत नाही!

मागे तुम्ही बसा, समोर सासूबाईंना बसवा. त्यांना २००६ चा अभ्यास वगैरे सांगत बसू नका, नातू आपणहून त्यांच्या हातात काहीतरी देतोय एवढं त्यांना दिसू दे.

कार्डं त्याच्या हाताला येतील अशीच ठेवा, कपाटात नीट रचून ठेवली तर काय उपयोग, आणि पुढे जमायला लागलं की "बास" आणि "मदत" हवीच, नुसती मागायची कार्डं नकोत.

जाहिराती म्हणतो ते इकोलेलिया, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं, त्यावर ओरडू नका. कुठली जाहिरात कधी म्हणतो ते आठवडाभर लिहून ठेवा, कधीकधी त्यातच मागणं असतं. आणि कानांची तपासणी झालीये ना? तुम्ही लिहिलं नाहीये. जाहिराती म्हणतो म्हणजे ऐकू येतंच असं धरून चालू नका, राहिली असेल तर याच आठवड्यात करून घ्या.