कविता वाचायला आवडते पण लिहायला बसलं की यमकातच अडकतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की वाचताना अंगावर काटा येतो पण स्वतः लिहायला घेतलं की सगळा वेळ यमक शोधण्यातच जातो. माझंही बरीच वर्षं हेच होतं. मी बेळगावचा, उद्यमबागेत लेथवर काम करतो, मराठी घेऊन कॉलेज वगैरे केलेलं नाही, पण जे उपयोगी पडलं ते सांगतो.

थोडे दिवस लिहिणं थांबवा आणि मोठ्यानं वाचा, अगदी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग घ्या, सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया. बोटांवर अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरायचं. सहा, सहा, सहा आणि शेवटी चारच. यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला, विटेवरी-कटावरी, पहिला आणि शेवटचा मोकळा. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण मी चारही ओळींना यमक लावायच्या नादात नको ते शब्द कोंबत होतो. आणि तो शेवटचा तोकडा चरण आहे ना, तिथं श्वास थांबतो बघा, सगळी गोडी तिथंच आहे.

मग याच मापात आपलं काहीतरी बसवा. मी आधी आईवर लिहिलं होतं, मायेची सावली, वात्सल्याची मूर्ती वगैरे. मित्राला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, अरे ही कुणाचीपण आई झाली, तुझी आई आत्ता काय करायलीय ते लिही की. आई तेव्हा अंगणात तांदूळ निवडत बसलेली. तेच लिहिलं:

सुपातले खडे
वेचे माझी आई
उन्हाला ही घाई
मावळाया

आठ दिवस हे खिशात घेऊन फिरलो, काहीतरी खटकत होतं. मग तिसऱ्या ओळीतला 'ही' काढून 'का' घातला, उन्हाला का घाई. एकच अक्षर, माप तेच राहिलं, पण आता कुणीतरी उन्हाला विचारतंय, थोडं घाबरून विचारतंय, आणि आई म्हातारी झालीय हे न सांगताच आलं. त्या दिवशी मला कविता लिहिणं म्हणजे काय असतं ते पहिल्यांदा हाताला लागलं.

वाचायचं म्हणाल तर कवयित्री इंदिरा संत जरूर वाचा. त्या आमच्या बेळगावातच राहिल्या, इथंच शिकवलं, त्यांच्या 'गर्भरेशीम' या कवितासंग्रहाला १९८४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका बैठकीत दहा कविता उडवू नका, एकच घ्या आणि ती दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा म्हणा. साधे घरातले शब्द आणि आत केवढं दुःख दाबून ठेवलेलं असतं! आणि कन्नड कानावर पडत असेल तर कवी द. रा. बेंद्रेही ऐका, धारवाडचे, घरची भाषा मराठी आणि कविता कन्नडमध्ये, १९७३चं ज्ञानपीठ. अर्थ अर्धा कळला तरी चालेल, नाद ऐका. आम्हा सीमाभागातल्या लोकांना दोन भाषांचे कान फुकटात मिळालेत आणि त्याचा उपयोग कवितेत व्हायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. भाषेवरून लाजू पण नका, घरात यायलोय-जायलोय बोलत असाल तर कवितेतपण तसंच येऊ दे.

इकडं जवळ राहत असाल तर हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं असतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते, आणि कविसंमेलन सहसा असतंच. पहिल्या वर्षी नुसतं मागं बसून ऐका, लोक कुठल्या ओळीला गप्प होतात तिकडं लक्ष ठेवा. तोवर चार चरण जमले तर इथंच खाली टाका, मी मोजून बघतो.