ऑर्डरचं पोर्टल, सीआरएम आणि अकाउंटिंग क्लाउड ऑटोमेशनने जोडताना काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑर्डरचं पोर्टल, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि अकाउंटिंग अशी तीन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायची आहेत, तर झेपियर, मेक, पॉवर ऑटोमेट, एनएटएन (n8n) या ऑटोमेशनच्या टूलपैकी काय घ्यावं आणि तिन्हीकडचा डेटा कायम जुळता कसा ठेवावा? मी हेच काम करतो. टूलचं शेवटी बघू, कारण त्यावाचून फारसं काही अडत नाही.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. एखादी पायरी दोनदा चालली तर काय होईल? चारपैकी दोन पायऱ्या होऊन फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, बंद पडला तर? डेमोत हे प्रश्न कधी येत नाहीत. तिथे एक ऑर्डर येते, एक इन्व्हॉइस बनतं आणि सगळे खूश होतात.

खऱ्या वापरात काय होतं ते बघा. ऑर्डर आली की पोर्टल वेबहुकने, म्हणजे तुमच्या फ्लोच्या वेब पत्त्यावर आपोआप निरोप पाठवून, वर्दी देतं आणि उत्तराची वाट बघतं, पण फार वेळ नाही. ऑनलाइन दुकानांचं शॉपिफाय जेमतेम ५ सेकंद थांबतं. तुमचा फ्लो तोवर ग्राहक शोधतोय, इन्व्हॉइस बनवतोय, पीडीएफ काढतोय, मेल पाठवतोय आणि हे सगळं झाल्यावर २०० चं, म्हणजे ‘मिळालं’ असं उत्तर देणार आहे. अकाउंटिंगचा सर्व्हर त्या दिवशी जरा सुस्त असला, की पोर्टल समजतं वर्दी पोचलीच नाही आणि तीच पुन्हा पाठवतं. झालं, दुसरं इन्व्हॉइस तयार. लॉग उघडला तर दोन्ही रन (फ्लोच्या फेऱ्या) हिरवेगार, एररचा मागमूस नाही. ग्राहक ‘दोन बिलं का?’ विचारतो तेव्हा पत्ता लागतो.

म्हणून वर्दी आली की आधी पोच द्या, काम नंतर करा. एनएटएनच्या वेबहुक नोडमध्ये (पायरीमध्ये) ताबडतोब उत्तर देण्याचा पर्याय आहे. झेपियरचा वेबहुक ट्रिगर (फ्लो सुरू करणारी पायरी) तसाही लगेच पोच देऊन मोकळा होतो. खरा मजकूर रांगेत किंवा एखाद्या टेबलात टाका आणि दुसऱ्या फ्लोने तिथून उचलून काम करा. काम सुरू करण्याआधी सही तपासायला विसरू नका. बहुतेक मोठ्या सेवा वेबहुकवर एचमॅक सही पाठवतात, म्हणजे निरोप खरंच त्यांचाच आहे हे पटवणारी, गुप्त कीने बनवलेली खूण. ती न तपासता पुढे गेलात, तर तुमचा पत्ता कळलेला कुणीही खोटी ऑर्डर घुसवू शकतो.

एवढ्याने वर्दी दोनदा येणं थांबत नाही, फक्त कमी होतं. ऑनलाइन पेमेंटच्या स्ट्राइपला उत्तर मिळालं नाही, तर ते तीन दिवसांपर्यंत तीच वर्दी पाठवत राहतं. तेव्हा प्रत्येक वर्दीचा आयडी साठवा आणि तोच पुन्हा दिसला तर सोडून द्या. इथे बरेच जण ‘आधी शोध, नसेल तर बनव’ अशी पायरी टाकून निश्चिंत होतात. पण दोन रन एकाच क्षणी चालले तर दोघेही शोधतात, दोघांनाही काही सापडत नाही आणि दोघेही बनवतात. याला पक्का बंदोबस्त एकच: ऑर्डर नंबर अकाउंटिंगमध्ये अशा फील्डमध्ये जावा जिथे तोच नंबर दुसऱ्यांदा स्वीकारला जात नाही. तशी सोय नसेल, तर तुमच्या टेबलात तो कॉलम युनिक ठेवा आणि नोंद झाली तरच पुढची पायरी चालवा. स्ट्राइपसारख्या काही एपीआयमध्ये (सॉफ्टवेअरने सॉफ्टवेअरशी बोलण्याच्या सोयीमध्ये) यासाठी आयडेम्पोटन्सी की देता येते, म्हणजे तीच विनंती दोनदा गेली तरी काम एकदाच होतं. असेल तिथे ती जरूर वापरा.

आता डेटा जुळता ठेवण्याचं. ‘दोन्हीकडून सिंक’ ही मागणी आली की मी आधी कागदावर फील्डची यादी मागतो आणि प्रत्येक फील्डसमोर एकाच सॉफ्टवेअरचं नाव लिहायला लावतो. फोन नंबरचं मालक सीआरएम, थकबाकीचं अकाउंटिंग, ऑर्डरच्या स्थितीचं पोर्टल. मालक लिहितो, बाकीचे वाचतात. यावर मीटिंगमध्ये हमखास वाद होतो, आणि तो तेव्हाच झालेला बरा. हे न ठरवता दोन्ही बाजू जोडल्या, तर सीआरएममधला बदल अकाउंटिंगला जागं करतो, अकाउंटिंगचा बदल पुन्हा सीआरएमला, आणि फ्लो रात्रभर स्वतःशीच बोलत बसतो. दोन्हीकडून लिहिणं टाळताच येत नसेल, तर ऑटोमेशनच्या युजरने केलेले बदल ट्रिगरमध्येच गाळा.

रेकॉर्ड जुळवायचे ते आयडीवर, नावावर किंवा ईमेलवर नाही. सेल्सफोर्स या सीआरएमचा १५ अक्षरी आयडी इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतो, एक्सेलचं व्हीलुकअप (शोधण्याचं सूत्र) करत नाही. त्यामुळे चुकीचा ग्राहक बिनबोभाट जुळतो. १८ अक्षरी आयडी घ्या.

४२९ हा एरर आला की तुम्ही एपीआयची मर्यादा ओलांडलीत. उत्तरात रिट्राय-आफ्टर हेडर (किती थांबायचं ते सांगणारी ओळ) असेल तर तेवढं थांबा, नसेल तर दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करा. तारखा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा. याहून जास्त सांगण्यासारखं यात नाही.

लॉगिनचं मात्र नीट ऐका. जोडणी कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर करू नका. तो माणूस नोकरी सोडतो, खातं बंद होतं आणि कुणालाच ठाऊक नसलेले फ्लो एकाच संध्याकाळी मान टाकतात. ऑटोमेशनसाठी वेगळं खातं काढा आणि त्याला लागतील तेवढ्याच परवानग्या द्या. गुगलची एक गंमत आहे: स्वतःचं ओऑथ अ‍ॅप (पासवर्ड न देता खातं जोडू देणारं) बनवून ते ‘टेस्टिंग’ स्थितीत ठेवलं, तर शीट्स किंवा ड्राइव्हसाठी मिळालेलं रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता जोडणी चालू ठेवणारी किल्ली) ७ दिवसांत संपतं. आठवडाभर सुरळीत चाललेला फ्लो अचानक थांबला, तर आधी तिथे बघा.

आणि रोज रात्री ताळा करा. काल पोर्टलवर किती ऑर्डर, अकाउंटिंगमध्ये किती इन्व्हॉइस, दोन्हीकडची बेरीज किती. फरक असेल तरच मेल. एरर आल्यावर येणाऱ्या सूचना इथे पुरत नाहीत, कारण जो रन सुरूच झाला नाही त्याला एररही नसतो.

टूल: सगळं मायक्रोसॉफ्टवर असेल तर पॉवर ऑटोमेट. फ्लो छोटे आणि माणसं बिगरतांत्रिक असतील तर झेपियर. पण तिथे यशस्वी झालेल्या प्रत्येक अ‍ॅक्शनचे (कामाच्या पायरीचे) पैसे लागतात, लांब फ्लो महाग पडतात. फाटे आणि यादीवरची कामं जास्त असतील तर मेक बघा. सर्व्हर सांभाळणारं कुणी असेल तर एनएटएन स्वतःकडे चालवा, आणि त्याची एन्क्रिप्शन की बॅकअपपासून वेगळी जपून ठेवा. ती हरवली तर बॅकअपमधली क्रेडेन्शियल्स (साठवलेली लॉगिन) उघडत नाहीत.

सुरुवात ऑर्डर ते इन्व्हॉइस या एकाच फ्लोने करा. पहिला महिनाभर इन्व्हॉइस ड्राफ्टमध्येच बनू द्या आणि अकाउंट्सवाल्यांना ती नेहमीसारखी हाताने मंजूर करू द्या. महिनाअखेरीचा ताळा जुळला, की मग मंजुरीची पायरी काढा.