14 महिन्यांच्या मुलीला फ्लोराइडची टूथपेस्ट लावावी का? ती थुंकत नाही, सगळं गिळते

विचारणाऱ्या ताईंनी खाली आणखी लिहिलंय: वर चार आणि खाली चार दात आलेत, घर जळगाव जिल्ह्यात, प्यायला बोअरचं पाणी. फ्लोराइड नसलेली 'बेबी' पेस्ट आणावी का, आणि कोणत्या कंपनीची? सासूबाईंचं म्हणणं, आत्ता काहीच लावू नका, दुधाचेच तर दात आहेत.

ताई, आधी सासूबाईंचं वाक्य घेऊ. खानदेशात पेस्टमुळे पोरांचं जेवढं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट या वाक्यामुळे होतं. 'दुधना दात शेतस, पडी जातीन.' पडतात, पण कधी? समोरचे सहा-सात वर्षांचं झाल्यावर, आणि मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांचं झाल्यावर. दोन वर्षांच्या पोराची दाढ किडली, तर पुढची आठ-दहा वर्षं त्याने भाकरी कशाने चावायची? दुधाच्या दाढेखालीच पक्क्या दाताचा अंकुर असतो. दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू झाला, तर त्या अंकुराचं आवरण, म्हणजे दाताचा वरचा कडक थर, खराब होऊ शकतं. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते, जागा बुजते आणि पक्का दात वाकडा येतो. दुधाचे दात म्हणजे पक्क्या दातांसाठी राखून ठेवलेली जागा आहे.

आता फ्लोराइड. हो, लावायची, पहिला दात दिसल्यापासून लावायची. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, मुलांच्या यादीतही. 'गिळलं तर विष' ही भीती मात्रा न बघता पसरवलेली आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालता येत नाही, म्हणजे एका ग्रॅममध्ये जास्तीत जास्त 1 मिलिग्रॅम. तीन वर्षांपर्यंत द्यायची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण 0.1 ग्रॅम. त्यात फ्लोराइड 0.1 मिलिग्रॅम. दोन वेळा लावून सगळी गिळली तरी दिवसाला 0.2 मिलिग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी पाणी, अन्न, पेस्ट सगळं मिळून रोजची वरची मर्यादा 1.3 मिलिग्रॅम धरतात. तातडीने दवाखाना गाठावा असा धोका वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅमपासून पुढे. मुलगी नऊ किलोची असेल तर 45 मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी 45 ग्रॅम पेस्ट पोटात जायला हवी. रोजच्या दाण्याएवढ्या पेस्टने हे होत नाही. ट्यूब पोरीच्या हाती लागली आणि तिने चोखून अर्धी संपवली तर होतं. म्हणून ट्यूब उंचावर ठेवायची आणि पेस्ट कायम मोठ्या माणसाने काढायची. कधी जास्त खाल्लीच, तर आधी दूध पाजा, दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवतं. बोटं घालून उलटी काढू नका. जास्त मात्रा गेली असेल किंवा उलट्या थांबत नसतील तर ट्यूब सोबत घेऊनच दवाखान्यात जा.

तीन वर्षांनंतर हरभऱ्याच्या दाण्याएवढी, पाव ग्रॅम. पुष्कळ ठिकाणी 'मटाराएवढी' लिहिलेलं असतं आणि लोक भाजीतला टपोरा मटार डोळ्यांपुढे आणतात. त्यात जवळपास दुप्पट पेस्ट बसते. जाहिरातीतली ब्रशभर लाट तर साफ विसरा.

'बेबी' म्हणून विकली जाणारी फ्लोराइड नसलेली पेस्ट किडीसाठी निरुपयोगी आहे. चव असते, फेस येतो, सवय लागते, बस. तोंडातला सामू (पीएच, आम्लपणाचं माप) साधारण 5.5 च्या खाली गेला, म्हणजे आम्ल वाढलं, की दाताचं आवरण विरघळायला लागतं. फ्लोराइड असेल तर निघालेली खनिजं परत बसतात आणि नवा थर जास्त आम्ल सोसतो. हे काम लवंग, पुदिना, कडुनिंब यांतलं काहीच करत नाही. दुकानात ट्यूबच्या शेवटची हिरवी-काळी पट्टीही बघू नका. ती ट्यूब कुठे कापायची हे यंत्राला दाखवणारी खूण असते, नैसर्गिक आणि रासायनिक असा काही अर्थ तिला नाही.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, ट्यूबची मागची बाजू वाचा. फ्लोराइड किती पीपीएम आणि मुदत कधी संपते, दोन्ही ट्यूबवर आणि खोक्यावर छापणं बंधनकारक आहे. टक्क्यांत दिलं असेल तर सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट 0.76 टक्के किंवा सोडियम फ्लोराइड 0.22 टक्के म्हणजेच 1000 पीपीएम. लहान मुलांच्या काही पेस्ट 500 च्या आसपास असतात, त्यांचा किडीवर भरवसा कमी. त्यापेक्षा 1000 ची पेस्ट दाण्याएवढी चांगली. मुदतही खरंच बघा. खडूची पावडर असलेल्या पेस्टमधलं कामाचं फ्लोराइड काळाने आणि उष्णतेने कमी होत जातं. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खिडकीत ट्यूब ठेवू नये, ते एवढ्यासाठीच.

लावायची कशी? बाळाचं डोकं तुमच्या मांडीवर, तोंड वर. वळवळत असेल तर दोघांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा, बाळाला मध्ये आडवं करा, एकाने हात धरायचे. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ. पेस्ट केसांवर ठेवू नका, केसांत दाबून बसवा, नाहीतर गोळा पहिल्याच दाताला चिकटतो आणि बाळ तो चाटून मोकळं होतं. बोटाने वरचा ओठ उचला, हिरडी आणि दात जुळतात तिथे बारीक गोल फिरवा. आठ दातांना मिनिटभर पुरतं. उरलेला फेस ओल्या फडक्याने टिपा, पाण्याने चूळ भरायला लावू नका. थुंकायला शिकल्यावरही फक्त थुंकायचं, नाहीतर लावलेलं फ्लोराइड धुऊन जातं. सिलिकॉनचा बोटात घालायचा ब्रश दाढा येईपर्यंत ठीक, दाढांच्या खाचांत तो पोचत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे जी दाढ येते ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईबाप तिला दुधाची समजतात. ती पक्की असते आणि पुष्कळदा तीच आधी किडते.

पण सकाळी कितीही घासा, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून पोर झोपत असेल तर पेस्ट एकटी काही करू शकत नाही. झोपेत लाळ कमी होते, गिळणं मंदावतं, दूध वरच्या दातांच्या मागेपुढे साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते वाचतात. वरचे चार किडलेले आणि खालचे पांढरे शुभ्र दिसले की बाटलीचीच कीड समजायची. सुरुवात काळ्या खड्ड्याने होत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी मंद रेघ दिसते, दात पुसून कोरडा केला तरच. आठवड्यातून एकदा ओठ उचलून उजेडात बघा. पांढऱ्या रेघेवर दात परत सावरता येतो: बाटली बंद, रोज दोनदा पेस्ट आणि दंतवैद्याकडून फ्लोराइडचा वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा लेप, तीन ते सहा महिन्यांनी. रेघ पिवळी-तपकिरी होऊन नख अडकायला लागलं की ती वेळ गेली. लोहाच्या थेंबांनी दात काळे पडतात ते वेगळं, तो डाग वरचा असतो, खड्डा नसतो.

बाटली एकदम काढली तर घर डोक्यावर घेतील. दहाएक दिवसांत दुधात पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी. वर्षानंतर दूध कपातून, आणि ब्रश शेवटच्या दुधानंतर. खोकल्याचं गोड औषध ब्रशच्या आधी. चहात बुडवलेला टोस्ट आणि खारी ही आपल्याकडची पोरांची न्याहारी दोन्ही बाजूंनी वाईट: साखर चिकटून बसते, आणि चहाच्या पत्तीत स्वतःचं फ्लोराइड असतं. पेस्टच्या दाण्याला घाबरणारे लोक वर्षाच्या पोराला बशीतून चहा पाजतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता 'आमच्या आज्याने आयुष्यभर कडुनिंबाची काडी वापरली'. वापरली असेल. आज्याच्या लहानपणी घरात रोज बिस्किटाचा पुडा फुटत नव्हता, आणि काडी चावायला दाढा लागतात, त्या 14 महिन्यांच्या बाळाला नसतात. लाल मंजनात गेरू असतो, तो पोरांच्या पातळ आवरणावर घासकागदासारखा चालतो. मशेरीचं बोट बाळाच्या हिरड्यांना लावणं तर सरळ तंबाखू देणं आहे. पेस्ट-मंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? घरातल्यांनीच अडवायचं. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर त्यांनाच ओठ उचलून रेघ बघायचं काम द्या, नजर त्यांची बारीक असते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती बोअरची. वर पेस्टचं जे गणित दिलं त्यात पाणी धरलेलं नाही. पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याच्या वर असेल तर पेस्टच्या दाण्यापेक्षा पाण्याचा वाटा कितीतरी मोठा होतो आणि पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. समोरच्या पक्क्या दातांचं आवरण याच पहिल्या तीन-चार वर्षांत हाडात तयार होत असतं. तेव्हा बदलायचं ते पाणी, पेस्ट तेवढीच राहू द्या. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यावर उलट तीव्र होतं. आरओने बरंच कमी होतं. यावल-रावेरकडे केळीपायी बोअर खोल खोल गेलेत. खोल पाणी जमिनीत जास्त काळ मुरलेलं असतं, त्यात क्षार जास्त असू शकतात, शेजारच्या विहिरीचा अहवाल तुमच्या बोअरला लावू नका.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. पंप पाच मिनिटं चालू द्या, टाकीतलं पाणी नको. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको, त्याच पाण्याने तीनदा खंगाळा आणि काठोकाठ भरा. वर गाव, बोअरची खोली आणि तारीख लिहा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, कारण पाणी खाली गेलं की आकडा बदलू शकतो.