आधी म्हणा, मग अर्थ लावा

संतकाव्य आणि सूफी काव्य वाचायला घेतलंय म्हणालात, फार आनंद झाला. एकच विनंती, सुरुवातीलाच अर्थाची पुस्तकं उघडू नका. रचना मोठ्याने म्हणा. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ बोटांवर मोजून बघा : सहा, सहा, सहा, चार अक्षरं. ‘विटेवरी’ला ‘कटावरी’चं यमक, आणि शेवटचा आखूड चरण येतो तिथे आवाज आपोआप थांबतो. त्या थांबण्यात विठ्ठल उभा राहतो. हे तळटिपेत सापडत नाही, तोंडातच सापडतं.

मग ज्ञानदेवांच्या विरहिणी, म्हणजे विरहाचे अभंग, घ्या आणि त्यांच्या शेजारी पंजाबी सूफी कवी बुल्लेशाहच्या काफ्या, म्हणजे गायची गीतं, ठेवा. दोन्हीकडे पुरुष कवी स्त्री होऊन बोलतो. बुल्लेशाहकडे ती पंजाबी प्रेमकथेतली हीर आहे आणि तिचा प्रियकर रांझा म्हणजे परमेश्वर. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हेच. पण म्हणून ‘सगळे एकच सांगतात’ असं घाईने म्हणू नका. कबीराचा राम निर्गुण आहे, तुकोबांना मात्र विटेवरचं सावळं रूप डोळ्यांसमोर हवंच असतं. हा फरक जपून वाचा.

श्रीगोंद्याचे शेख महंमद जरूर वाचा. सूफी परंपरेतले, आणि लिहिलं अस्सल मराठी ओवीत. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात तर सूफी कवी बाबा फरीद आणि आपले नामदेव एकत्रच भेटतात.

रोज एकच रचना पुरे. पाठ होईपर्यंत दुसरी नको.