वाचकांचे प्रश्न : आटे गेले, टॅप तुटला

प्रश्न (सातारा) : क्लच कव्हरचा ६ मिमीचा एक बोल्ट नुसता फिरतो, आवळत नाही. गॅरेजमध्ये म्हणतात, आठचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारून मोठा बोल्ट टाकू. चालेल का?

उत्तर : नको. आठच्या बोल्टसाठी ६.८ मिमीचं भोक लागतं आणि टॅप त्याहून पुढे धातू खातो. इंजिनच्या केसिंगवर बोल्टभोवती ॲल्युमिनियमची जी गाठ असते तिची भिंत मुळातच बेताची. ती आणखी बारीक झाली की आवळताना उभी चीर जाते, आणि मग टॅपचं काम थेट वेल्डिंगवर जातं. कव्हरचं भोकही मोठं करावं लागतं, ते वेगळंच.

इथे हेलिकॉइल बसवा. ही स्टेनलेस तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. ती भोकात बसली की आतून पुन्हा मूळ एम ६ चे, म्हणजे ६ मिमी बोल्टचे, आटे मिळतात. किटमध्ये सांगितलेलं बिट (बहुधा ६.३ मिमी) आणि किटमधलाच टॅप वापरा. हा टॅप साध्या सहाच्या टॅपसारखाच दिसतो, पण बाहेरून सातच्या वर भरतो, त्यामुळे घरातला टॅप इथे कामाचा नाही.

आधी क्लच फडक्याने नीट झाका. बारीक तार घालून भोकाची खोली मोजा आणि तेवढ्या मापावर बिटला चिकटपट्टी गुंडाळा. तळ फुटला तर कीस सरळ इंजिनात जातो. बिटला आणि टॅपच्या खाचांना ग्रीस चोपडा, बराचसा कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. ॲल्युमिनियमला वंगण म्हणून रॉकेल उत्तम. दोन फेरे झाले की हात थांबवा आणि टॅपला गुण्या लावून पाहा, एकदा समोरून, एकदा बाजूने. तिरका निघाला तर दुरुस्ती याच वेळी होते; पाचव्या फेऱ्याला हँडल दाबून सरळ करायला गेलात तर एक तर आटे रुंदावतात, नाही तर टॅप मोडतो. पुढे अर्धा फेरा, मागे पाव फेरा, असं जात राहा. मागे फिरवताना बारीक ‘कट्’ जाणवतं. तो कीस तुटल्याचा आवाज.

भोक पुसून कोरडं करा. गुंडाळी पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली जाईपर्यंत फिरवा. तळाशी तारेची आडवी शेपटी राहते, ती पंचने तोडून चिमट्याने बाहेर काढा आणि हातात आली की नाही ते बघा.

मुळात आटे का गेले, तेही शोधा. कव्हरचे बोल्ट लांबीने सारखे नसतात. लांब बोल्टच्या जागी आखूड गेला की तो तीन-चार आट्यांवरच लटकतो आणि पहिल्या जोरात ते उपटून येतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि काढलेला प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. बंद भोकात तेल साचलेलं असेल तर तेही टिपून घ्या. बोल्ट ते तेल दाबतो, तेलाला जायला वाट नसते आणि केसिंग तडकतं. आवळताना १० न्यूटन मीटर पुरे, लांब पान्याची गरजच नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : लोखंडी ब्रॅकेटला साडेचारचं भोक पाडून सहाचा टॅप मारला, तो आतच तुटला. कसा काढू?

उत्तर : भोक लहान पडलं. सहाच्या टॅपचा गाभाच पावणेपाचच्या आसपास असतो. साडेचारमध्ये तो आटे पाडण्याऐवजी पाचरीसारखा अडकला. हिशेब सोपा आहे : बोल्टच्या व्यासातून पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर; मापात × नंतर लिहितात तो आकडा) वजा करा. एम ६ ला ५ मिमी, एम ८ ला ६.८, एम १० × १.५ ला ८.५, आणि बऱ्याच आरशांना असतो तो एम १० × १.२५, त्याला ८.८. पंच मारून आधी ३ चं बिट, मग मापाचं. टॅप तीनच्या संचातलेच घ्या आणि दांड्यावरच्या रेघा बघून क्रमाने चालवा : एक रेघेचा, दोन रेघांचा, मग बिनरेघेचा. लोखंडाला कटिंग ऑइल द्या.

तुटलेल्या टॅपवर साधं बिट चालवू नका. टॅपही त्याच जातीच्या कडक पोलादाचा, बिट घसरून बाजूचा मऊ धातू खातं. टोक वर असेल तर पक्कडीने डावी-उजवीकडे हलवून पाहा. खोल असेल तर ब्रॅकेट सोडवून टूलरूममध्ये स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं यंत्र) न्या. भोसरी, पिंपरी भागात हे काम करून मिळतं. भोक आरपार काढता येण्याजोगं असेल, तर पुढच्या वेळी बंद ठेवूच नका, कीस खालून पडून जातो.

प्रश्न (नागपूर) : जुन्या बुलेटमध्ये सहाचा बोल्ट दोन फेरे छान जातो, मग सैल वाटतो. सहाचा टॅप फिरवून घेऊ?

उत्तर : अजिबात नको. जुन्या बुलेटमध्ये बरेच आटे इंग्रजी मापाचे आहेत. तुमचं भोक बहुधा दोन सुताचं, म्हणजे ६.३५ मिमी, इंचाला २६ आटे. त्याचा पिच ०.९८ मिमी भरतो आणि एम ६ चा १, म्हणून सुरुवातीला जुळल्यासारखं वाटतं. पण बोल्ट बारीक असल्याने आट्यांच्या टोकांवरच टेकतो. जुना बोल्ट व्हर्नियरने आणि पिच गेजने (आटे जुळवून बघायच्या दातेरी पानांचा संच) मोजा. गेजची पानंही नीट निवडा : २६ आट्यांच्याच दोन जाती आहेत, बीएसएफच्या (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आट्याचा कोन ५५ अंश, सायकल थ्रेडचा ६०. पान बोल्टवर ठेवून उजेडासमोर धरा. मधून फट दिसली तर ती जात नव्हे.